लाखाचे तीनशे

उडदाचे टीएयू-१, भुईमुगाचे टीएजी-२४, मुगाचे टीएआरएम-१, सोयाबीनचे टीएएमएस-३८. वऱ्हाडात ज्याच्या घरी वावर आहे त्याने यांतले एखादे तरी नाव बियाण्याच्या थैलीवर वाचलेले असते. नावातला 'टी' ट्रॉम्बेचा, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचा. पहिल्या तिन्ही नावांतला 'ए' अकोल्याचा, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा. सोयाबीनच्या नावातला 'एएम' अमरावतीचा. ही वाणे ट्रॉम्बे आणि अकोला यांनी जोडीने काढली आणि त्यांच्या वंशावळीत कुठे ना कुठे किरणांचा मारा खाल्लेले एखादे बी आहे. टीएयू-१ हे १९८५ साली शेतकऱ्यांच्या हाती आले आणि पुढे बरीच वर्षे महाराष्ट्रातल्या उडदाच्या पेऱ्यात त्याचा मोठा वाटा राहिला. अकोल्याचे विद्यापीठ स्थापन झाले २० ऑक्टोबर १९६९ रोजी. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून व्यापारी तत्त्वावर वीज निघू लागली २८ ऑक्टोबर १९६९ रोजी. आठ दिवसांचे हे अंतर म्हणजे निव्वळ योगायोग. पण अणूची देणगी आणि अणूचे देणे यांचे हिशेब आपल्याकडे साधारण एकाच वेळी उघडले गेले, एवढे त्यातून दिसते.

देणगीचा हिशेब आपण वऱ्हाडातले लोक चाळीस वर्षे जेवतो आहोत. देण्याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. तारापूर पालघर जिल्ह्यात, समुद्राकाठी. आपल्याला जवळचे ते पारस. अकोल्याहून शेगावकडे जाताना गाडीतून दिसणारी ती धुराडी, तिथली राख, त्या राखेबद्दलच्या तक्रारी हे सारे ओळखीचे. पण पारसची वीज आणि तारापूरची वीज एकदा तारेत शिरली की निराळी करता येत नाही. तिवस्यात किंवा मूर्तिजापुरात पंखा फिरतो तेव्हा त्या फिरण्यात थोडासा वाटा युरेनियमचा असू शकतो, आणि तेवढ्याच प्रमाणात मागे उरणाऱ्या अणुकचऱ्याचाही. त्या कचऱ्याचे पुढे काय होते, आणि त्याचा विषारीपणा मुळातून कमी करता येतो का, हा या पुस्तकाचा विषय आहे. शास्त्राच्या भाषेत या खटपटीला मूलद्रव्यांतर म्हणतात.

पुस्तक उघडण्याआधी एक गैरसमज दूर केलेला बरा, कारण तो आपल्या बियाण्यांशीच जोडलेला आहे. किरणांचा मारा केलेले बी किरणोत्सारी होते, असे अजूनही बोलले जाते. होत नाही. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण बियाच्या पेशीत शिरतात, तिथल्या रेणूंची मोडतोड करतात, कधी एखाद्या जनुकाची रचना बदलून टाकतात. पण अणूच्या गाभ्याला, म्हणजे केंद्रकाला, त्यांचा धक्का लागत नाही. कार्बन कार्बनच राहतो. लासलगावला कांद्यावर किरण सोडतात तेव्हाही हेच घडते: कांद्याला कोंब फुटायचे थांबते, कांदा किरणोत्सारी होत नाही.

केंद्रक बदलायचे तर न्यूट्रॉन हवा. त्याच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून केंद्रक त्याला दूर लोटत नाही. तो सरळ आत शिरतो आणि आतला हिशेब बिघडवतो. खुद्द कोबाल्ट-६० असेच तयार होते. खाणीतून निघणारा साधा कोबाल्ट-५९ हा निरुपद्रवी धातू. राजस्थानात रावतभाट्यासारख्या ठिकाणच्या अणुभट्टीत त्याच्या कांड्या ठेवल्या की तो एकेक न्यूट्रॉन गिळतो आणि कोबाल्ट-६० बनतो, ५.२७ वर्षे अर्धायुष्य (म्हणजे निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ) असलेला जबर किरणोत्सारी. कॅन्सरच्या रुग्णाच्या गाठीवर आणि बियाण्याच्या पुडीवर पडणारे किरण तिथून येतात. तेव्हा मूलद्रव्यांतर ही भविष्यातली जादू नव्हे. अणुउद्योगाचे ते रोजचे काम आहे. फक्त आजवर ते बहुतेक करून एकाच दिशेने झाले: निरुपद्रवी पदार्थापासून उपयोगी आणि धोकादायक पदार्थाकडे. प्रश्न आहे तो हाच रस्ता उलटा चालता येईल का, हा.

व्याख्यानांच्या शेवटी हमखास कोणीतरी विचारते, की हा कचरा जाळून का टाकत नाहीत? प्रश्न भाबडा वाटतो, पण त्याचे उत्तर म्हणजेच या विषयाचा पाया आहे. आग केंद्रकापर्यंत पोचत नाही. ती अणूंच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची अदलाबदल करते, बस्स. सीझियम जाळले तर सीझियमचे संयुग मिळेल, आणि ते पहिल्याइतकेच किरणोत्सारी असेल, वर धुरावाटे पसरेल ते वेगळेच. आम्ल, जंतू, ऊन, दाब, यांतल्या कशानेही किरणोत्सार घटत नाही. दोनच मार्ग उरतात: वाट पाहणे किंवा केंद्रकावरच घाव घालणे.

किती वाट पाहायची, हे मात्र नीट मोजले पाहिजे. जगात सर्वत्र आढळणारी, साध्या पाण्याने थंड होणारी १,००० मेगावॅटची अणुभट्टी वर्षाला सुमारे २० ते २५ टन वापरलेले इंधन बाहेर टाकते. पारसचे वीज केंद्र ५०० मेगावॅटचे, त्याच्या निम्मे, आणि ते दिवसाला हजारो टन कोळसा खाते. वजनाने पाहाल तर अणुकचरा फारच थोडा. त्या वीस-पंचवीस टनांतही साधारण ९५ टक्के तर युरेनियमच असते, एक टक्क्याच्या आसपास प्लुटोनियम, तीन-चार टक्के विखंडनातून, म्हणजे केंद्रक फुटण्यातून, निघालेले तुकडे आणि टक्क्याचा जेमतेम दहावा हिस्सा नेप्टुनियम, अमेरिशियम, क्युरियम ही मंडळी. (आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात, तेव्हा त्यांचे प्रमाण वेगळे पडते, पण घटक तेच.)

या मिश्रणातल्या प्रत्येकाची मुदत वेगळी. विखंडनाच्या तुकड्यांतले सगळ्यात उपद्रवी दोघे, सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०, यांची अर्धायुष्ये ३० वर्षांच्या आसपास. दहा अर्धायुष्ये, म्हणजे ३०० वर्षे गेली की हजारातला एक भाग उरतो. प्लुटोनियम-२३९चे अर्धायुष्य २४,१०० वर्षे. अमेरिशियम-२४१चे ४३२ वर्षे, पण तो संपता संपता नेप्टुनियम-२३७ होतो आणि त्याचे अर्धायुष्य २१ लाख वर्षे. इंधन जसेच्या तसे ठेवून दिले तर त्याची विषारी क्षमता मूळच्या खनिज युरेनियमच्या पातळीवर उतरायला एक ते तीन लाख वर्षे लागतात. प्लुटोनियम काढून घेतले तर हा काळ दहा हजार वर्षांच्या घरात येतो. नेप्टुनियम, अमेरिशियम आणि क्युरियमही जवळजवळ पूर्णपणे काढून घेऊन त्यांचे विखंडन करता आले, तर तीनशे ते पाचशे वर्षे. लाखाचे बारा हजार झाले की आपल्याकडे दिवाळे वाजले म्हणतात. इथे लाखाचे तीनशे झाले तर तो फायदा.

लाख वर्षे म्हणजे काय हे कळण्यासाठी वऱ्हाडाबाहेर जावे लागत नाही. लोणारचे विवर अलीकडच्या आर्गॉन मोजणीप्रमाणे सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचे आहे. अणुकचऱ्याची मूळ मुदत या मापाशी बोलणारी आहे. माणसाच्या कुठल्याही मापाशी नाही. आणि तीनशे वर्षे? ऑक्टोबर १७२४ मध्ये सिंदखेड राजाजवळच्या साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. तिला आता तीनशे वर्षे उलटली. तेवढ्या काळात वऱ्हाडावर निजामाचा अंमल झाला, नागपूरकर भोसल्यांचा झाला, १८५३ मध्ये इंग्रजांच्या हाती कारभार गेला, १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला, मग मध्य प्रांत आणि वऱ्हाड, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. धोकादायक वस्तूचे एक गोदाम एवढ्या सरकारांच्या हातून न हरवता, त्याची वही न फाटता, पुढे जाईल का? मेळघाटातला गाविलगड १४२५ सालचा. भिंती सहाशे वर्षांनी उभ्या आहेत. राखणारे किल्लेदार केव्हाच गेले. तीनशे वर्षे ही मुदत मुळीच लहान नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. मात्र तिची कल्पना करता येते. एक ते तीन लाख वर्षांबद्दल अभियंते, भूगर्भशास्त्रज्ञ आणि मंत्री जे काही बोलतात ते मुळात गणितातल्या प्रतिमानांचे बोलणे असते, माणसांच्या अनुभवाचे नव्हे.

आता घाव घालण्याकडे वळू. लोकांना वाटते, यातला अवघड भाग म्हणजे न्यूट्रॉनचा मारा. माझे मत वेगळे आहे आणि या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग त्याच मताभोवती फिरतो: अवघड आहे ते निवडणे. वऱ्हाडच्या माणसाला हे जिनिंगच्या उदाहरणाने चटकन कळेल. बोंडातून आलेल्या कापसाची किंमत रुई आणि सरकी वेगळी झाल्यावर ठरते. रुई गाठीत जाते, सरकीचे तेल निघते, उरलेली ढेप जनावरांना जाते. आणि मशीन नीट लावलेले नसेल तर तुटक्या सरकीचे कण रुईत राहून अख्ख्या गाठीचा दर पडतो. अणुकचऱ्यातही हेच. एकत्र असेपर्यंत तो सगळाच्या सगळा लाख वर्षांचा. वेगळा केला की त्यातला काही परत इंधन, काही औषधाचा, काही तीनशे वर्षांचा, आणि भट्टीत घालण्याजोगा भाग अगदी थोडा.

ही निवड रसायनशास्त्राला घाम फोडते. वापरलेले इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून युरेनियम आणि प्लुटोनियम काढण्याची पद्धत जुनी आहे. ट्रॉम्बेचे प्लुटोनियम संयंत्र १९६४ पासूनचे. पण मागे जे द्रव उरते त्यात अमेरिशियमच्या शेजारी लॅन्थनाइड कुळातली निओडिमियम, युरोपियमसारखी मूलद्रव्ये असतात, आणि तीही त्याच्यापेक्षा कितीतरी पट जास्त. दोघांच्या आयनांवर तिहेरी धन भार, दोघांचा आकार जवळजवळ एक. द्रावकाला त्यांतला फरक ओळखता येत नाही. आणि लॅन्थनाइड तसेच राहू द्यावेत असेही चालत नाही, कारण त्यांतले काही न्यूट्रॉनचे फार भुकेले. भट्टीत अमेरिशियमसाठी सोडलेले न्यूट्रॉन तेच गिळून बसतात. शिवाय हे सगळे जाड काँक्रीटच्या भिंतीआड, माणसाचा हात न लागता, यंत्राच्या हातांनी करायचे. आणि ज्या किरणोत्साराला आपण वेगळे करू पाहतो तोच द्रावकाचे रेणू फोडत राहतो.

या कामात आपल्या राज्यातल्या तारापूरचे नाव घ्यावे लागते, आणि ते अभिमानाने घ्यायला मला संकोच नाही. २०१३ पासून तिथे ॲक्टिनाइड, म्हणजे अमेरिशियमच्या कुळातली मूलद्रव्ये, वेगळे काढण्याचे प्रात्यक्षिक संयंत्र आहे. टीईएचडीजीए या आखूड नावाने ओळखला जाणारा द्रावक तिथे वापरला जातो. तो अमेरिशियमसारख्यांना लॅन्थनाइडसकट द्रवातून उचलतो, आणि त्यांना एकमेकांपासून सोडवण्याचे काम पुढच्या टप्प्यात होते. प्रयोगशाळेतल्या काचनळीबाहेर, खऱ्या कचऱ्यावर, अभियांत्रिकी प्रमाणात हे करून पाहणारी ठिकाणे जगात मोजकीच. वर्तमानपत्रांत भट्टीचे घुमट झळकतात. ह्या संयंत्राचा फोटो मात्र मी तरी कधी पहिल्या पानावर पाहिलेला नाही.

निवडून झाल्यावर कोणावर मारा उपयोगी पडतो? सगळ्यांवर नाही, आणि इथे उत्साही लेखांतून फार गोंधळ माजलेला असतो. काही उदाहरणे तर इतकी नेटकी आहेत की शिकवताना मजा वाटते. टेक्निशियम-९९चे अर्धायुष्य २ लाख ११ हजार वर्षे. त्याला एक न्यूट्रॉन द्या. तो टेक्निशियम-१०० होतो, आणि पंधरा-सोळा सेकंदांच्या अर्धायुष्याने स्थिर रुथेनियममध्ये बदलून जातो. आयोडीन-१२९चे अर्धायुष्य दीड कोटी वर्षांच्या वर. एक न्यूट्रॉन, आणि साडेबारा तासांच्या अर्धायुष्याचा आयोडीन-१३०. तो झेनॉन होऊन संपतो. कागदावर लाखो वर्षांचे काम सेकंदांत किंवा दिवसांत उरकते. प्रत्यक्षात अडते ते न्यूट्रॉनांच्या संख्येवर. प्रत्येक केंद्रकाला स्वतंत्र न्यूट्रॉन हवा, आणि न्यूट्रॉन फुकट मिळत नाही.

अमेरिशियमचे प्रकरण निराळे. त्याने न्यूट्रॉन नुसता गिळला तर तो क्युरियमकडे चढतो, म्हणजे एका दुखण्याचे दुसरे दुखणे होते. तो फुटला पाहिजे. साध्या भट्टीतल्या मंद न्यूट्रॉनांनी तो बहुधा गिळतो. वेगवान न्यूट्रॉनांनी फुटण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून या कामाला द्रुतगती भट्टी लागते, द्रवरूप सोडियमसारख्या धातूने थंड होणारी. कल्पाक्कमची छोटी द्रुतगती भट्टी १९८५ पासून आहे आणि ५०० मेगावॅटची मोठी भट्टीही तिथेच उभारली आहे. फ्रान्सने आपल्या फिनिक्स भट्टीत असे मिश्र इंधन तपासून पाहिले होते.

पण अमेरिशियमची आणखी एक खोड आहे. अणुभट्टी माणसाच्या ताब्यात राहते ती विखंडनानंतर थोड्या उशिराने बाहेर पडणाऱ्या मूठभर न्यूट्रॉनांमुळे. युरेनियम-२३५ मध्ये त्यांचे प्रमाण ०.६५ टक्के. प्लुटोनियम-२३९ मध्ये साधारण ०.२ टक्के, आणि अमेरिशियममध्ये त्याहूनही कमी. इंधनात अमेरिशियम फार घातले की भट्टीचे नियंत्रण नाजूक होते. यावर १९९०च्या दशकात युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत नोबेलविजेते कार्लो रुबिया यांनी एका जुन्या कल्पनेला नवी धार दिली: भट्टी अशी रचायची की विखंडनाची साखळी स्वतःच्या बळावर चालूच शकणार नाही, आणि कमी पडणारे न्यूट्रॉन बाहेरून पुरवायचे. त्वरकातून, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून, १०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन शिशावर आदळला की वीस ते तीस न्यूट्रॉन उधळतात. त्वरक बंद केला की साखळी थांबते. (इंधनातली उरलेली उष्णता थांबत नाही; ती काढत राहावीच लागते. फुकुशिमात भट्ट्या बंद झाल्या होत्या, तरीही पुढचे सगळे घडले ते याच उष्णतेमुळे. तेव्हा 'बटण दाबले की सुरक्षित' ही जाहिरात कोणी केली तर अर्धीच ऐकावी.)

भारतात या वाटेवर पावले पडली आहेत, पण ती लहान आहेत हे स्पष्ट सांगितले पाहिजे. भाभा केंद्रात 'ब्रह्मा' नावाची, साखळी स्वतःहून न चालणारी छोटी जोडणी आहे. तिच्यातून वीज निघत नाही, मोजमापे निघतात. तिथलाच लेहिपा हा प्रोटॉन त्वरक २ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टसाठी बांधलेला. लागतील १०० कोटी, आणि तेही महिनोन्महिने न अडखळता. बेल्जियममध्ये मोल गावी मिर्रा नावाचा ६० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रकल्प घेतला आहे, तोही अजून बांधणीच्याच वाटेवर. कचरा मोठ्या प्रमाणावर घेऊन त्याचे आयुष्य घटवणारा एकही कारखाना आज जगात चालू नाही. या विषयावरचे कोणतेही पुस्तक वाचताना, हे पुस्तक धरून, हे वाक्य शेजारी ठेवावे.

आणि सीझियम? ज्याच्या नावाने सगळ्यात जास्त धास्ती, त्याच्यापुढे मूलद्रव्यांतराचा उपाय जवळपास निकामी ठरतो. सीझियम-१३७ न्यूट्रॉनला दाद देत नाही. नेहमीच्या अणुभट्टीत त्याला न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवले, तरी माऱ्याने होणाऱ्या बदलापेक्षा त्याचा नैसर्गिक ऱ्हास कितीतरी पट वेगाने होतो. म्हणजे घाव घालण्यापेक्षा वाट पाहिलेली बरी.

वाट पाहता पाहता त्याला कामाला लावता येते, हे मात्र आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, आणि माझ्या दृष्टीने या पुस्तकातला तो सर्वांत वाचनीय भाग आहे. ट्रॉम्बेला कचऱ्याच्या द्रवातून सीझियम वेगळे काढतात, काचेत वितळवतात आणि पोलादी आवरणाच्या कांड्या बनवतात. या कांड्या रक्तपेढीतल्या किरणन यंत्रात जातात. ज्या रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने खचलेली असते, त्याला दिलेल्या रक्तातल्या परक्या पांढऱ्या पेशी त्याच्याच शरीरावर उलटू शकतात. रक्त आधी किरणांखालून काढले की त्या पेशींची वाढण्याची ताकद जाते. ट्रॉम्बेच्या टाकीतला कचरा अशा रीतीने ल्यूकेमियाच्या पोराच्या उशाशी लटकलेल्या पिशवीपर्यंत पोचतो, चांगल्या अर्थाने.

काच का, तर १९८७चे ब्राझीलमधले गोयानिया. ओसाड पडलेल्या दवाखान्यातून भंगारवाल्यांच्या हाती एक उपचारयंत्र लागले. त्यात सीझियम क्लोराइडची पूड होती, अंधारात निळी चमकणारी, पाण्यात मिठासारखी विरघळणारी. लोकांनी ती वाटून घेतली, अंगाला लावली. चौघे दगावले, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात किरणोत्सारी द्रव्य आढळले, लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. आपल्याकडे एप्रिल २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात निघालेले कोबाल्टचे जुने यंत्र फोडले गेले आणि एकाचा जीव गेला. हे दोन्ही अपघात अणुभट्टीचे नव्हेत, वहीतून सुटलेल्या वस्तूचे आहेत. काचेची कांडी फुटली तरी तिची पूड होऊन वारा-पाण्याबरोबर पसरत नाही. मूलद्रव्यांतराइतके हे दिपवणारे शास्त्र नाही. धोकादायक वस्तू कमी धोकादायक करण्याच्या कामात मी याला बरोबरीचे स्थान देतो.

आता शंका. पहिली खर्चाची आणि चिकाटीची: द्रुतगती भट्टीत एका खेपेत अमेरिशियमचा काही भागच फुटतो. इंधन काढायचे, थंड करायचे, विरघळवायचे, पुन्हा निवडायचे, पुन्हा भरायचे. लाखाचे तीनशे व्हायचे असतील तर प्रत्येक निवडीत हजारातला एखादा भागच सुटलेला चालेल. शंभरातला एक सुटला तर सगळे गणित कोलमडते. अशा फेऱ्या काही दशके चालवायच्या, म्हणजे अनेक पिढ्यांतल्या कामगारांनी त्या भिंतीआड काम करायचे आणि प्रत्येक फेरीत नवा दुय्यम कचरा निर्माण व्हायचा. फ्रान्सने ३० डिसेंबर १९९१ रोजी कायदा करून पंधरा वर्षे तीन वाटांचा पद्धतशीर अभ्यास केला: निवड आणि मूलद्रव्यांतर, खोल भूगर्भात साठवण, जमिनीवर दीर्घ साठवण. निष्कर्ष असा, की पहिली वाट यशस्वी झाली तरी दुसरी टळत नाही. खोल कोठार लागेलच, फक्त त्यात काय आणि किती ठेवायचे ते बदलेल. त्याच फ्रान्सने पुढच्या पिढीच्या ॲस्ट्रिड या द्रुतगती भट्टीचा आराखडा २०१९मध्ये बाजूला ठेवला.

खोल कोठाराची शंका वऱ्हाडाला समजावून सांगायला नको. पूर्णेच्या दोन्ही काठांना अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या गावांतून खारपाण पट्टा पसरला आहे. विहीर खणली तर खारे पाणी लागते, आणि ते पिऊन किडन्या गेलेल्यांच्या कहाण्या घरोघरी आहेत. जमिनीखालचे पाणी एकदा बिघडले की पिढ्या ते भोगतात, हे इथे पुस्तकात वाचावे लागत नाही. भूगर्भातल्या कोठाराचा मूळ प्रश्न पाण्याचाच: काच, पोलाद, माती यांच्या थरांतून पाणी किती काळाने आत जाईल आणि काय घेऊन बाहेर येईल. दिलासा देणारे एक उदाहरण निसर्गाने ठेवले आहे. आफ्रिकेतल्या गॅबनमध्ये ओक्लो येथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या खनिजात आपोआप साखळी-विखंडन चालू झाले होते. १९७२मध्ये हे उघडकीस आले, आणि तिथे तयार झालेले प्लुटोनियम व इतर बरेच तुकडे जागच्या जागी राहिल्याचे दिसले. पण ओक्लोचा दाखला ओक्लोच्या खडकापुरता. आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा पाषाण भेगा-सांध्यांनी भरलेला असतो, आपल्या विहिरींना पाणी देतो तो त्याच भेगांतून. त्याला तो दाखला लागू करण्याची घाई कोणी करू नये.

जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाच्या वादात महाराष्ट्राने दोन्ही टोके ऐकली. एका बाजूला 'लाखो वर्षांचे विष', दुसऱ्या बाजूला 'तंत्रज्ञान येते आहे, चिंता नको'. दोन्ही वाक्ये खोटी नाहीत आणि दोन्ही अर्धवट आहेत. लाखो वर्षांचे विष आहे, पण ते मुख्यत्वे त्या कचऱ्यातल्या छोट्या भागात आहे आणि तो भाग वेगळा काढण्याचे कसब तारापुरात आहे. तंत्रज्ञान येते आहे, पण ते अजून आलेले नाही, आणि 'येते आहे' या बोलीवर नवी भट्टी उभी करणे म्हणजे पुढच्या पिढीच्या नावावर कर्ज काढणे. माझा स्वतःचा कल सांगतो: मूलद्रव्यांतरावर संशोधन जोमाने व्हावे, निवडीच्या संयंत्रांवर त्याहून जास्त पैसा खर्च व्हावा, आणि कचऱ्याच्या साठ्यांची माहिती नागरिकांना समजेल अशा मराठीत दरवर्षी छापली जावी. तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे आणि बहुधा सगळ्यात उशिरा होईल.

वाचकांसाठी एक सूचना. भौतिकशास्त्र शाळेतच सुटले असेल तर न्यूट्रॉनांवरची प्रकरणे मागे ठेवून आधी तारापूर आणि काचेवरची प्रकरणे वाचावीत. तिथे बोरोसिलिकेट काच वितळवण्यापासून ती पोलादी डब्यात ओतेपर्यंतचा क्रम आला आहे. तिथल्या साठवण कोठारात डबे वर्षानुवर्षे ठेवलेले असतात आणि पंख्याशिवाय, नुसत्या वर चढणाऱ्या गरम हवेच्या ओढीवर थंड होत राहतात. ते वाचताना एक गोष्ट लक्षात येईल, जी मूलद्रव्यांतराच्या चर्चेत सहसा कोणी बोलत नाही. तारापूरच्या प्रात्यक्षिकाआधी जो कचरा काचेत ओतून झाला, त्यातला अमेरिशियम काचेतच आहे. ती काच फोडून, विरघळवून, तो पुन्हा बाहेर काढायची योजना कुठेही नाही, आणि असावी असे मलाही वाटत नाही. तेव्हा तीनशे वर्षांचा हिशेब लागू होईल तो उद्याच्या कचऱ्याला. कालच्या डब्यांची मुदत होती तीच राहील, आणि त्यांच्यासाठी खडक कुठला, हे अजून ठरायचे आहे.